पाडव्याचा स्नॅपशॉट

जळगावच्या आमच्या रक्तपेढीत अभिमनभाऊंना पाठीमागे सगळे 'लेखीभाऊ' म्हणतात, आणि ते नाव मीच ठेवलेलं आहे. सर्व्हरच्या खोलीतल्या एसीचा आकडा दोनने खाली करा म्हटलं तरी हा माणूस म्हणणार, "अक्का, लेखी द्या." मग मी चिठ्ठी लिहायची, खाली सही करायची, आणि ती ते आपल्या लांबट निळ्या वहीत डिंकाने चिकटवणार. वहीत रोजची नोंद असते. किती वाजता काय बंद केलं, कोणी सांगितलं, कशासाठी सांगितलं. एकदा कोणीतरी माझी हजेरी काढली, तर मी वीस मिनिटं उशिरा आले होते हे त्या वहीत निघालं. तेव्हापासून आमचं जरा विळ्याभोपळ्याचंच होतं.

मी इथली मुख्य तंत्रज्ञ. पंचवीस वर्षं रक्त तपासते आहे. डॉक्टरबाईंपासून वॉचमनपर्यंत सगळे मला अक्का म्हणतात. तोंड फटकळ आहे हे मला ठाऊक आहे, कोणी सांगायला नको.

भाऊ मूळचे दोंडाईच्याजवळच्या खेड्यातले. वडील सुपडूबाबा शेतकरी, पण यांचा जीव तारांमध्ये. धुळ्याला आयटीआय केलं, कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन झाले, मग जळगावला एका पाइपच्या कारखान्यात लागले. तिथे काँप्युटरच्या खोलीची वीज बघता बघता साहेबांच्या पाठीमागे उभं राहून ते सर्व्हर शिकले. साहेब गेल्यावर खोली त्यांच्याच ताब्यात आली. एक दिवस डिस्कमधून टकटक आवाज येतोय असं त्यांना वाटलं आणि कोणाला न विचारता त्यांनी मशीन बंद केलं. मालाचे ट्रक फाटकात अडकले, दुपारपर्यंत एकही पावती निघेना. तपासलं तर डिस्क ठणठणीत. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. पुढचे सात महिने ताईवहिनी, म्हणजे त्यांची बायको, डाळमिलमध्ये डाळ निवडायला जात होत्या आणि भाऊ घरी स्वयंपाक करत होते. हे मला त्यांनी नाही, वहिनींनी सांगितलं. 'लेखी द्या' ही सवय तिथून लागलेली.

आता त्या स्नॅपशॉटचं. मला त्यातलं शेंगदाण्याएवढंही कळत नव्हतं, भाऊंनीच समजावलं. स्नॅपशॉट म्हणजे सर्व्हरवरच्या माहितीची एका क्षणाची स्थिती धरून ठेवणं. पण मशीन सगळ्याची दुसरी प्रत काढत नाही. ते एवढंच करतं की त्या क्षणानंतर एखादी गोष्ट बदलायची झाली, की जुनी आधी वेगळ्या जागी उचलून ठेवतं. घरात नवी वस्तू आली की जुनी माळ्यावर टाकतो तसं. माळ्याला मात्र मर्यादा आहे. तो काठोकाठ भरला की अख्खा माळाच कोसळतो. घर उभं राहतं, पण जुनं सगळं एकदम जातं.

म्हणून शहाणी माणसं स्नॅपशॉट घेतात, त्यावरून बॅकअप काढतात आणि तो लगेच मोडतात. आमच्याकडे मात्र मांगीलालशेठ आहेत. ट्रस्टचे अध्यक्ष, वय ऐंशी, घरची पेढी तीन पिढ्यांची. दिवाळीत दुकानात वह्यांची पूजा होते तशी इथे सर्व्हरची होते. कपाटावर कुंकवाचं स्वस्तिक, शुभ-लाभ, झेंडूची माळ. पाडव्याला सकाळी मुहूर्त पाहून भाऊंनी स्नॅपशॉट घ्यायचा आणि तो पुढच्या पाडव्यापर्यंत तसाच ठेवायचा, हा शेठजींचा हुकूम. "पूजेचं पान कोणी फाडतं का, अभिमनभाऊ?" एवढं एकच ते विचारायचे. भाऊंनी तीन वेळा लेखी कळवलं की ही वही नाही, हा माळा आहे. शेठजी वाचायचे, मान हलवायचे आणि कागद खिशात घालायचे.

गेल्या जूनपर्यंत माळा गच्च झाला. भाऊंनी तो तीनदा वाढवला, मग डिस्कवर जागाच उरली नाही. नवी डिस्क मार्चपासून मागितलेली, अर्थात लेखी. आता रोजच्या बॅकअपसाठी नवा छोटा स्नॅपशॉट घ्यायलाही जागा मिळेना, आणि रोज पहाटे तीच एक ओळ यायची: स्नॅपशॉट तयार करता आला नाही. तेवीस दिवस एकही बॅकअप झाला नव्हता. त्या तेवीस दिवसांत भाऊंचा चेहरा पार उतरून गेला. शेवटी शेठजी कसेबसे राजी झाले आणि एका सोमवारी संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी दिली: 'पाडवा काढावा.' म्हणजे पाडव्याचा स्नॅपशॉट मोडावा. भाऊंनी ती खिशात ठेवली. मंगळवारी दुपारी दीडला गर्दी ओसरली की काढू, म्हणाले.

त्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला धुळ्याच्या आमच्या शाखेतून फोन आला.

दिपमाला नावाची चोवीस वर्षांची मुलगी. नरडाण्याकडच्या गावची, धुळ्याच्या दवाखान्यात दुसरं बाळंतपण. बाळ सुखरूप होतं, हिचा रक्तस्राव थांबला होता, पण अंगात रक्त उरलं नव्हतं. हिमोग्लोबिन चारवर आलेलं. गट 'ओ' दिसत होता, आणि ओच्या सहा पिशव्या तपासल्या तरी एकही जुळत नव्हती. शाखेतली मुलगी रडवेली झाली होती. मी तिला पुढच्या दोन चाचण्या फोनवर करायला लावल्या आणि मला नको होतं तेच उत्तर मिळालं. बॉम्बे गट. दहा हजारांत एखाद्याचा. या माणसांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं, दुसरं कुठलंही दिलं तर जीवावर बेततं.

डॉक्टरबाईंनी मुंबईला फोन लावला. पिशवी मिळण्यासारखी होती, पण ती धुळ्याला पोचायला रात्र झाली असती. दवाखाना म्हणत होता, दुपारी चारच्या पुढे आम्ही काही सांगू शकत नाही.

आणि मला आठवलं की असा एक माणूस आपल्याकडे आहे. दोंडाईच्याच्या शिबिरात सापडलेला, काटक, उन्हात रापलेला. रक्त दिल्यावर बिस्किट नको म्हणाला आणि चहात गूळ आहे का विचारलं. त्याचा गट मीच काढला होता. नाव काही केल्या आठवेना. मी संगणकात 'विशेष गट' ही यादी उघडली. बॉम्बेच्या रकान्यात शून्य. कागदी अर्ज होते, पण नरडाण्याच्या गोदामात, शेकडो खोक्यांत.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. फेब्रुवारीत शेठजींचा नातू अर्पित, जो आता कारभार बघतो, त्याने साफसफाईची मोहीम काढली होती. ज्यांचे फोन दोनदा लागत नाहीत त्यांची कार्डं काढून टाका, यादी हलकी करा. पाच जणांना याद्या वाटल्या होत्या, मलाही एक. कोणीतरी गाढवाने विशेष गटाचं कार्ड उडवलं होतं.

मी तरातरा सर्व्हरच्या खोलीत गेले आणि भाऊंना सगळं सांगितलं.  आधी त्यांनी बदलांची नोंद उघडली. कुठलं कार्ड कधी काढलं ते तिथे दिसतं, पण नुसता कार्डाचा क्रमांक दिसतो, रक्तदात्याचं नाव नाही. ते बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत राहिले, वहीत काहीतरी लिहिलं आणि पडदा बंद केला.

"कार्ड फेब्रुवारीत गेलं, अक्का. बॅकअप आपण तीस दिवसांचेच ठेवतो. त्यात ते नाही."

"मग?"

"पाडव्यात आहे."

त्यांनी खिशावर हात ठेवला. शेठजींची चिठ्ठी तिथेच होती. आदल्या दिवशी दुपारी ती मिळाली असती तर आज पाडवाही नसता. 

"मग काढा ना त्यातून."

त्यांनी पडद्यावरचा आकडा दाखवला. ९८.२. माळा एवढा भरला होता. मी बघत असतानाच तो ९८.४ झाला. मंगळवार हा आमचा सगळ्यात गर्दीचा वार. तीन ठिकाणी शिबिरं चालू, चौदा टेबलांवर नोंदी, खाली खिडकीवर पिशव्या न्यायला आलेल्या नातेवाइकांची रांग. प्रत्येक नोंदीला मशीन जुनं काहीतरी माळ्यावर टाकत होतं.

"आठ मिनिटं," भाऊ म्हणाले. "शंभर झालं की पाडवा गेला. आणि एवढ्या गर्दीत फाइल बाहेर काढायला पंधरा लागतील. बाहेरची डिस्क जोडून माळा वाढवला असता, पण ती धुळ्याला दिलेली आहे."

"म्हणजे काय करायचं?"

"लिहिणं थांबवायचं. सगळ्यांचं. अख्खा सर्व्हर."

रक्तपेढीचा सर्व्हर भरदिवसा थांबवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. खाली रांगेत अकरा जण होते. त्यांच्या पिशव्या हाताने लिहून द्यायच्या, आणि हाताने लिहिताना एक आकडा चुकला तर दुसऱ्याच कोणाचा तरी जीव जायचा. मी अर्पितला फोन लावला. तो पुण्याच्या रस्त्यावर होता. तो म्हणाला, अक्का, शिबिराच्या नोंदी चालू आहेत, मध्येच थांबवलं तर काय काय बिघडेल, मला भाऊंशी बोलू दे, अर्धा तास द्या, मी आजोबांना विचारतो.

"अर्धा तास कुठून आणू?" मी म्हणाले. "तुझ्या साफसफाईने ही वेळ आणली. तिकडे पोरगी मरायला टेकली आहे आणि तू आजोबांना विचार." आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊ समोर बसून ऐकत होते. त्यांनी एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

शेठजी मंदिरात होते, फोन घरी. ९८.८.

मी भाऊंकडे बघितलं. त्यांच्या खिशात पाडवा मोडायचा लेखी हुकूम होता आणि तो वाचवायचा कसलाही कागद नव्हता. मनात आलं, आता हा म्हणणार लेखी द्या, आणि मी याच्या डोक्यात काहीतरी घालणार. खरं सांगायचं तर मी टेबलावरचा कागद ओढून लिहायलाही लागले होते.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. घाईत किंवा घाबरल्यावर त्यांच्या तोंडी गावची अहिराणी येते. "तुमनी सहीवर माले थांबाडता येत नही. खाल्ले जा, रजिस्टर काढा. दोन जण वाचतीन, एक जण लिखीन. जा."

मी धावत खाली गेले. जुनी रजिस्टरं काढली, खिडकीवर स्वतः उभी राहिले, प्रत्येक पिशवीचा क्रमांक दोघींना मोठ्याने वाचायला लावला. रांगेतला एक गृहस्थ ओरडायला लागला, त्याला मी त्याच्या वरताण ओरडले. टेबलांवरच्या पडद्यांवर एकापाठोपाठ एक तोच निरोप आला: सर्व्हर उपलब्ध नाही. दहा बावन्न झाले होते. खिडकी मार्गी लावून मी पुन्हा वर पळाले.

खोलीत भाऊ घामाने निथळत होते, एसी चालू असताना. आकडा ९९.१ होता आणि मी बघताना ९९.२ झाला.

"बंद केलं ना?"

"बठ्ठं बंद शे. तरी कोनीतरी लिखी ऱ्हायनं."

सगळं बंद, तरी कोण लिहितंय ते शोधत ते ओळीमागून ओळ बघत होते. धुळ्याची शाखा तोडली. आकडा सरकतच होता. शिबिरांचे टॅब तोडले. ९९.३.  फोन वाजला, धुळ्याची मुलगी. रक्तदाब खाली येतोय, म्हणाली. 

मग भाऊ एकदम थांबले. "पहाटचा बॅकअप," ते म्हणाले. पहाटे फसलेला बॅकअप मेलाच नव्हता. तो अडकून पडला होता, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होता, आणि प्रत्येक वेळी आपली तक्रार लिहीत होता. स्नॅपशॉट तयार करता आला नाही, स्नॅपशॉट तयार करता आला नाही, सेकंदाला पाच वेळा. त्या तक्रारीही त्याच डिस्कवर पडत होत्या आणि माळा भरत होत्या. भाऊंनी एक ओळ टाइप केली आणि तो मारला.

आकडा ९९.६ वर उभा राहिला. आम्ही दोघांनी पूर्ण मिनिटभर तो पाहिला. हलला नाही.

मला वाटलं जिंकलो. मी म्हणाले, उघडा आता. त्यांनी बोट वर केलं. पाडवा नुसता उघडायला गेलं तरी मशीन आधी त्यात थोडीशी आवराआवर करतं, म्हणजे लिहितंच. तेवढ्यानेही तो गेला असता. काहीही न आवरता नुसतं वाचायला उघड, असं त्याला वेगळं सांगावं लागतं. त्यांनी ती ओळ लिहिली, अक्षर अक्षर बोटाने तपासली, खोडली, पुन्हा लिहिली. मला म्हणाले, "वाचा." मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, खालच्या पिशव्यांसारखं. मग त्यांनी कळ दाबली.

पाडवा उघडला. सर्व्हरवर दुसरं काही चालू नव्हतं, त्यामुळे फाइल चार मिनिटांत त्यांच्या लॅपटॉपवर आली. बॉम्बेच्या रकान्यात एक नाव होतं. वना जीवराम, हमाल, दोंडाईचा मार्केट यार्ड. फोन नंबर तोच, न लागणारा. पण खाली शेऱ्यात मीच शिबिराच्या दिवशी लिहिलेलं होतं: निरोप पुनीत किराणा, आणि दुकानाचा नंबर.

दुकानाच्या पुनीतभाईंनी दुसऱ्याच घंटीला फोन उचलला. वनाभाऊ यार्डात गाडी उतरवत होते, पुनीतभाई जाऊन त्यांना घेऊन आले. फोनवर आवाज आला, "मना जुना नंबर बंद पडी ग्या, अक्का. कोनले सांगू?" मी दिपमालाचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मनं रगत चालस ना तिले?" चालतं म्हटलं. "मग निंघस आते."

पुनीतभाईंनी दुकान बायकोवर सोडून त्यांना मोटारसायकलवर धुळ्याला नेलं. पाऊण वाजता त्यांचं रक्त घेतलं, घाईच्या सगळ्या चाचण्या झाल्या आणि सव्वातीनला पिशवी दिपमालाच्या हाताला लागली. रात्री मुंबईची दुसरीही पोचली. पोरगी वाचली. शाखेतल्या मुलीने फोन करून सांगितलं तेव्हा मी जिन्यात बसून रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

सर्व्हर सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी पुन्हा चालू झाला होता. नोंदींचा लोंढा आला आणि तिसऱ्याच मिनिटाला माळा शंभर झाला. पाडवा गेला. मी भाऊंना म्हणाले, शेवटी शेठजींचं कुंकूच कामाला आलं म्हणायचं. ते म्हणाले, "शेठजींचं चुकलंच होतं, अक्का. या वेळी कामाला आलं, एवढंच." त्या रात्री तेवीस दिवसांनंतरचा पहिला बॅकअप झाला.

चार दिवसांनी शेठजी स्वतः आले. सोबत कागद होता, सही केलेला: सर्व्हर थांबवण्यास माझी परवानगी होती. वेळ पावणेअकराची घातलेली. ट्रस्टवर कोणी प्रश्न विचारला तर भाऊंना त्रास नको म्हणून. आयुष्यभर कागद मागत आलेल्या माणसाला न मागता कागद मिळाला होता. भाऊंनी तो वाचला, घडी घातली आणि दोन्ही हातांनी परत दिला. "नव्हती, शेठजी," म्हणाले.

मला त्या दिवसाचा अहवाल करायचा होता, वेळा हव्या होत्या, म्हणून मी त्यांची निळी वही मागून आणली. त्यांच्या गिड्ड्या अक्षरात लिहिलं होतं: १०.५२, सर्व्हर थांबवला. परवानगी घेतली नाही. जबाबदारी माझी. खाली सही. एका नोकरीने पोळलेल्या माणसाने दुसऱ्या नोकरीत स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवलं होतं.

त्याच्या वरची नोंद होती: १०.४४, बदलांची नोंद पाहिली. कार्ड ४४१७, विशेष गट, १४ फेब्रुवारी दुपारी ३.१० ला काढलं. काढणारा. त्यापुढे रेघ होती आणि रेघेवर काही नव्हतं. एसी कोणी कमी केला तेही लिहिणाऱ्या या माणसाने एक नाव सोडलं होतं.

मी माझ्या टेबलावर जाऊन संगणकात बदलांच्या नोंदीतली ती ओळ शोधली. कार्ड ४४१७. काढणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. फेब्रुवारीतल्या त्या यादीवर नुसती नावं आणि फोन होते, गट नव्हता. तासाला चाळीस कार्डं उडवत होते मी. वना जीवराम, दोनदा फोन लागला नाही, काढा. मीच शोधलेला माणूस मीच पुसला होता. आणि अर्पितला फोनवर नाही नाही ते बोलले, तेव्हा भाऊ समोर बसले होते. त्यांना त्याच्या आधीच माहीत होतं.

मी वही घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि ती ओळ त्यांच्यापुढे धरली. "इथे नाव राहिलं आहे."

"त्याचं लेखी लागत नाही, अक्का."

"मला लागतं."

मी त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं, रेघेवर माझं नाव लिहिलं आणि खाली सही केली. त्यांनी वही जवळ ओढली, नेहमीसारखी फुंकर मारून शाई वाळवली आणि घड्याळ बघून सहीपुढे वेळ घातली. मग मी तिथेच बसून अर्पितला फोन लावला.